एक रायफल, सहा लॉट: ५० मीटर नेमबाजीसाठी काडतूस निवडण्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या सुदामा नगरातले मराठी कुटुंब. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. दहा मीटर एअर रायफलमध्ये बरी कामगिरी झाल्यावर ती ५० मीटर प्रोन (पालथे पडून) आणि थ्री पोझिशनकडे (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन आणि उभ्याने) वळली. रायफल जर्मन बनावटीची, .२२ लाँग रायफल काडतुसाची, बोल्ट-अ‍ॅक्शन, एकेक गोळी हाताने भरायची. दुसऱ्या नेमबाजाकडून रीतसर परवान्यावर नोंद करून घेतलेली. नळीतून आधी किती गोळ्या गेल्या याची वही मात्र मिळाली नाही. प्रशिक्षक महूला लष्करी नोकरी करून निवृत्त झालेले. सराव शहराबाहेरच्या उघड्या रेंजवर, बहुतेक सकाळी. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर पूर्ण ६० गोळ्यांचा सामना खेळायचा असेल तेव्हा भोपाळला जाणे व्हायचे.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकू. या विषयावर नेटवर जे साहित्य दिसते त्यातले बरेचसे परदेशातल्या सेमी-ऑटोमॅटिक सेंटरफायर (मोठ्या, जोरदार काडतुसांच्या) रायफलींबद्दल असते आणि तिथले अंतर ३०० मीटर किंवा त्याहून लांब. आपल्याकडे सामान्य नागरिकाला तशी रायफल परवान्यावर सहसा मिळत नाही आणि ५० मीटरच्या सामन्यांतही एकेक गोळी भरायचाच नियम आहे. सेमी-ऑटोमध्ये काडतुसाला दोन कामे करावी लागतात: गोळी नेमकी पाठवायची आणि त्याच दाबावर यंत्रणा मागे ढकलून पुढची गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खाचेत) बसवायची. ही अडचण आपल्या नेमबाजांना भेटते ती २५ मीटर पिस्तुलात. तिथे काडतूस जरा मवाळ निघाले की पिस्तूल अडकते. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये दुसरे काम हातानेच होते, म्हणून काडतुसाकडे एकच मागणी राहते: प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखी जावी. या प्रकरणात सगळी धडपड त्या एका मागणीची आहे.

अडचण

प्रोनमध्ये तिचा सरासरी गुणांक ६०८ च्या आसपास अडकला होता. कमाल ६५४ असतात; राष्ट्रीय पातळीवर मान वर काढायची तर ६१५ च्या पुढे जावे लागते. सरावाचे तास वाढवून झाले, जॅकेट बदलून झाले, स्लिंगचे (रायफल हाताला धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचे) भोक बदलून झाले. आकडा हलेना.

प्रशिक्षकांनी भोपाळच्या सामन्यांचे छापील निकाल एकावर एक ठेवून पाहिले. नऊच्या गोळ्या बहुतेक बारा आणि सहा वाजताच्या दिशेला, म्हणजे वर-खाली, होत्या, तीन आणि नऊ वाजताच्या दिशेला थोड्याच. वारा गोळीला मुख्यतः आडवी ढकलतो. श्वासाची किंवा स्लिंगची चूक गोळी वर-खाली नेऊ शकते, पण ती बहुधा एकाच बाजूला जमते आणि नेमबाजाला ट्रिगर सुटतानाच कळते. इथे ती ज्या गोळीला “चांगली गेली” म्हणायची, तीही ९.६ ला लागलेली असायची. एकदा ती वैतागून म्हणाली, “सर, मी काय चुकतेय ते तरी सांगा.” सरांकडे तेव्हा उत्तर नव्हते.

गुणांकन कसे चालते ते इथे माहीत असावे लागते. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे. गोळी ५.६ मिलिमीटरची आणि तिची कड वर्तुळाला शिवली की दहा. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा, आणि तिथून आत दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश वाढतो. सरासरी १०.१३ म्हणजे गोळ्या केंद्रापासून सरासरी साडेसहा मिलिमीटर दूर पडत होत्या. त्यातले हाताचे किती आणि काडतुसाचे किती, हा खरा प्रश्न होता.

ती वापरत होती ती काडतुसे रेंजवर मिळतील तशी. एका आठवड्यात एका लॉटचा (कारखान्यात एकत्र बनलेल्या एका खेपेचा) डबा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. कधी एकाच सामन्यात दोन लॉट.

आधी रायफल

वडिलांचे म्हणणे होते की सरळ सर्वांत महाग काडतूस मागवून टाकू. प्रशिक्षकांनी त्यांना थांबवले: “साहेब, आधी रायफल बघू. तीच सैल असली तर महाग गोळीही तशीच जाईल.” या प्रकरणातला पहिला निर्णय हाच आणि तो बरोबर निघाला.

तपासणी पुढील क्रमाने झाली. अ‍ॅक्शन (बोल्ट आणि चेंबरचा धातूचा भाग) लाकडी स्टॉकला, म्हणजे दस्त्याला, धरून ठेवणारे दोन स्क्रू टॉर्क रेंचने तपासले. मागचा उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा बराच सैल होता. दोन्ही मापाप्रमाणे आवळले, आणि आवळताना रायफल नळी वर करून उभी धरली, म्हणजे अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये दरवेळी त्याच जागी बसते. पुढची-मागची साइट हलते का ते पाहिले, हलत नव्हती. वापरलेल्या केसेसच्या (काडतुसांच्या पितळी नळकांड्यांच्या) रिमवरचे, म्हणजे तळाच्या कडेवरचे, फायरिंग पिनचे ठसे भिंगाखाली लावून बघितले. खोली सारखी होती. हे पाहणे गरजेचे, कारण .२२ सारख्या रिमफायरमध्ये स्फोटक मसाला रिमच्या घडीत असतो. पिन कधी जोरात, कधी हलकी लागली तर ज्वलन कमीजास्त होते आणि दोष काडतुसावर जातो.

खरी घाण निघाली चेंबरच्या तोंडाशी. .२२ मध्ये काडतुसाचे तोंड जिथे संपते तिथे जळलेला मसाला आणि शिसे यांचे कडक कडे बसते. नुसता पॅच ओढून ते निघत नाही. कार्बन विरघळवणारे द्रावण लावून पंधरा-वीस मिनिटे मुरवले, मग काशाच्या ब्रशने फक्त तेवढा भाग चोळला, तेही मागून, बोअर गाइड (रॉड नळीत सरळ ठेवणारे नळकांडे) घालून. पुढून रॉड घातला तर नळीचे तोंड खरचटते आणि मग कुठलेच काडतूस उपयोगाचे राहत नाही. बोअरस्कोपची (नळीच्या आत बघायच्या बारीक कॅमेऱ्याची) सोय झाली म्हणून कडे गेल्याची खात्री करता आली. ती नसेल तर काडतूस चेंबरमध्ये बसताना बोटाला लागणारा अडथळा हाच सुगावा.

साफ केल्यानंतर पहिल्या पंधरा-वीस गोळ्या इकडेतिकडे जातात. नळीत मेणाचा थर पुन्हा एकसारखा बसेपर्यंत मोजमाप करायचे नसते.

या दुरुस्तीने थोडा फरक पडला. उभा पसारा मात्र गेला नाही.

पर्याय

आता टेबलावर पाच गोष्टी होत्या.

पहिली, आहे तसेच चालू ठेवणे. दुसरी, नळी बदलणे: खर्च मोठा, परवान्यावरची कागदपत्रे आणि वेळ वेगळा, शिवाय जुनी नळी वाईट आहे असा काही पुरावा नव्हता. तिसरी, परदेशी कारखान्यात जाऊन लॉट तपासणे. ब्रिटनमधली ईली, जर्मनीतल्या शोनेबेकची लापुआ अशा उत्पादकांकडे ही सोय आहे: नळी यंत्रात आवळून आपल्या रायफलीतून एकेक लॉट मारून दाखवतात आणि जो सर्वांत घट्ट निघेल तोच विकतात. आंतरराष्ट्रीय संघातले नेमबाज हेच करतात. या कुटुंबाला ते झेपणारे नव्हते.

चौथी गोष्ट वडिलांची, वरच्या दर्जाचे काडतूस डोळे मिटून घेणे. ईलीचे टेनेक्स, आरडब्ल्यूएसचे आर ५०, लापुआचे एक्स-अ‍ॅक्ट ही त्या रांगेतली नावे. ही सर्वांत महाग असतात ती वेगळ्या दारूमुळे नाही. कारखान्यातल्या चाचणीत जे लॉट सर्वांत सरस उतरतात त्यांनाच ते नाव मिळते. पण ती चाचणी कारखान्याच्या नळ्यांमध्ये होते. आपल्या नळीला तो लॉट मानवेलच असे नाही. महाग दर्जात चांगला लॉट सापडण्याची शक्यता जास्त, इतकाच त्या किमतीचा अर्थ.

पाचवी, वेगवेगळ्या दर्जांचे आणि लॉटचे थोडे थोडे डबे घेऊन इंदुरातच चाचणी करणे आणि जो जमेल त्याच लॉटचा साठा घेणे. हे निवडले गेले.

मधेच रेंजवरच्या एकाने सहावा सल्ला दिला: हाय व्हेलॉसिटी काडतूस घ्या, जोर जास्त म्हणून वाऱ्याने कमी हलेल. ऐकायला पटते, पण उलटे आहे. मॅच म्हणजे सामन्याच्या काडतुसातली ४० ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर वेगाने निघते, मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली. ध्वनीचा वेग इंदूरच्या जानेवारीतल्या पहाटे, ८ अंशांना, ३३६ मीटरच्या आसपास. मे महिन्यात ४२ अंशांना ३५६ च्या आसपास. म्हणजे बारा महिने गोळी त्याच्या खालीच राहते. हाय व्हेलॉसिटी गोळी ३८० ने निघते, ध्वनीच्या वेगाजवळ येताना हवेचा अडथळा एकदम वाढतो आणि ती वेग भराभर गमावते. वाऱ्याने गोळी किती सरकते हे प्रवासाला किती वेळ लागला यावर ठरत नाही. हवेने तिला किती उशीर करवला यावर ठरते. म्हणून जोरदार गोळीच जास्त वाहवते. मॅच काडतुसाची गोळी ५० मीटरवर सेकंदाला एक मीटरच्या आडव्या वाऱ्यात साधारण ६ मिलिमीटर सरकते. तेवढे पुरे आहे.

फसलेली पहिली चाचणी

विक्रेत्याकडून नमुन्याचे डबे आले त्याच शनिवारी वडील-मुलगी रेंजवर गेली आणि प्रत्येक डब्यातून पाच गोळ्या मारून पाहिल्या. मधल्या दर्जाच्या एका लॉटचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) ७.१ मिलिमीटर आला, बाकीच्यांचे ९ ते १४. वडिलांनी विक्रेत्याला फोन लावून त्या लॉटची दोन हजार काडतुसे राखून ठेवायलाही सांगितले. पैसे दिले नव्हते म्हणून निभावले.

पाच गोळ्यांच्या ग्रुपवर एवढा भरवसा का नको? कारण तोच लॉट, तीच रायफल आणि तोच माणूस असताना पाच गोळ्यांचा ग्रुप नुसत्या योगायोगाने आपल्या सरासरीच्या पाऊणपट ते सव्वापट होत राहतो, आणि अधूनमधून त्याच्याही बाहेर जातो. दोन लॉटमधला खरा फरक बहुधा पंधरा-वीस टक्क्यांचा असतो. तो या गोंधळात दिसतच नाही. दहा गोळ्यांचे चार ग्रुप मारून सरासरी काढली की योगायोगाचा हेलकावा दहा टक्क्यांच्या आत येतो. तिथून पुढे तुलनेला अर्थ आहे. ज्या लॉटवर फोन गेला होता त्याचे पुढे काय झाले ते खाली येईलच.

दुसरी चूक त्या दिवशी अशी की डबा बदलताना मध्ये गोळ्या वाया घालवल्या नाहीत. गोळीवरचे मेण किंवा तेल प्रत्येक कारखान्याचे वेगळे. नव्या डब्याच्या पहिल्या दहा-बारा गोळ्या जुन्या मेणाच्या थरावरून जातात आणि त्यांचा ग्रुप दोन काडतुसांचा मिश्र ग्रुप असतो.

नीट चाचणी

सहा लॉट, प्रत्येकी ५० चे दोन डबे, एकूण ६०० काडतुसे. सगळी परवान्यावर नोंदवून घेतलेली. रेंजवर “दोन डबे दे, बघून परत करतो” अशी उसनवारी सर्रास चालते. ती कायद्यात बसत नाही आणि साठ्याचा हिशेब चुकला तर नेमबाजाच्याच अंगाशी येते. परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगता येतात आणि वर्षात किती घेता येतात हे आधी वाचून घेतले, कारण चाचणीत गेलेली काडतुसेही त्याच कोट्यातून जातात.

डब्यांवर फक्त अक्षरे लिहिली, म्हणजे मारणाऱ्याला किंमत माहीत नसावी:

क – रेंजवरचा जुना साठा
ख – सरावाच्या दर्जाचे परदेशी काडतूस
ग – मधला दर्जा, एक लॉट
घ – ग चेच नाव, तोच दर्जा, दुसरा लॉट (शनिवारचा विजेता)
च – सर्वांत वरचा दर्जा
छ – मधला दर्जा, दुसरा कारखाना

नळी आवळून धरणारा शिकंजा नव्हता. म्हणून भक्कम टेबल, पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी आणि रायफलीच्या ११ मिलिमीटर रेलवर २४ पट दुर्बीण. डोळ्याची आणि साइटची चूक त्याने जवळजवळ निघून जाते. स्टॉकचा पुढचा भाग रेस्टवर दरवेळी त्याच खुणेवर ठेवला; दोन बोटे पुढे-मागे झाली तरी गोळी वर-खाली जाते.

दिवस फेब्रुवारीतले, वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. माळव्यात त्या दिवसांत दहाच्या पुढे वारा उठतो, त्यामुळे नऊला थांबायचेच. २० आणि ४० मीटरवर सुती पट्ट्यांचे झेंडे. तरीही उघड्या रेंजवर वाऱ्याचा अंश राहतोच, म्हणून प्रत्येक ग्रुपची दोन मापे घेतली: पूर्ण पसारा आणि नुसता उभा पसारा. वाऱ्याने उभे माप फारसे बिघडत नाही. कुठल्या सकाळी झुळूक जास्त असली तरी ते माप विश्वासाचे राहते.

मोजणी व्हर्नियरने. दोन टोकांच्या भोकांची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजायची आणि एका भोकाची रुंदी वजा करायची. गोळी ५.६ मिलिमीटरची असली तरी कागद आत आकसतो, भोक थोडे लहान दिसते. म्हणून त्याच कागदावरचे एक सुटे भोक मोजून तेच वजा केले. दर ग्रुपला नवा कागद, मागे ताठ पुठ्ठा.

पहिल्या फेरीत प्रत्येक लॉटच्या १२ गोळ्या नळी बसवायला, म्हणजे नळीत त्या लॉटचे मेण बसवायला, आणि मग १०-१० चे दोन ग्रुप: ३२ गुणिले ६, म्हणजे १९२. सर्वांत वाईट दोन लॉट गळाले. दुसऱ्या फेरीत उरलेले चार, पण क्रम उलटा, म्हणजे सकाळ तापत जाते त्याचा त्रास दरवेळी एकाच लॉटच्या वाट्याला येत नाही. १२८ गोळ्या. तिसऱ्या फेरीत शेवटचे दोन, ६४. एकंदर ३८४ गेल्या, २१६ सरावाला उरल्या.

क मध्ये एका गोळीचा आवाज दबका आला. लगेच थांबून बोल्ट काढला, मागून नळीतून उजेड पाहिला, रॉड घालून खात्री केली. गोळी नळीत अडकलेली असताना मागून दुसरी गेली तर नळी फुगते. चाप ओढल्यावर काडतूस उडालेच नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचे, मग बोल्ट उघडायचा. हे सगळ्यांना पाठ असते; सामन्याच्या घाईत नेमके विसरतात.

निकाल

पहिल्या फेरीची सरासरी, दहा गोळ्यांचा मध्य ते मध्य पसारा आणि कंसात उभा पसारा, मिलिमीटरमध्ये: क १५.८ (१३.९), ख १३.१ (१०.२), ग १०.४ (७.६), घ १४.२ (१२.५), च ९.९ (७.९), छ १२.६ (९.४).

शनिवारचा विजेता घ शेवटून दुसरा आला. वडिलांचा विश्वास बसेना. त्यांनी दोन्ही कागद स्वतः पुन्हा मोजले.

घ आणि ग एकाच नावाचे, एकाच दराचे. फरक कुठून आला ते क्रोनोग्राफने (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) दाखवले. वीस गोळ्यांत सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान गोळीतले अंतर ग मध्ये सेकंदाला ९ मीटर, घ मध्ये १७. ५० मीटरला गोळी सुमारे ०.१६ सेकंदात पोचते आणि तेवढ्यात जवळपास १३ सेंटिमीटर खाली येते. वेग एक टक्का, म्हणजे ३.३ मीटर, बदलला की पडणे दोन टक्क्यांनी बदलते: अडीच मिलिमीटर. या हिशेबाने घ चा उभा पसारा १३ च्या आसपास निघतो आणि ग चा ७ च्या. कागदावर हेच दिसले होते. पिन दोन्हींना तीच लागली, तेव्हा दोष रायफलीचा नाही. १०० मीटरला हाच फरक चौपट झाला असता. लांब पल्ल्याचे लोक वेगाच्या सारखेपणाच्या इतके मागे लागतात ते यासाठीच.

दुसऱ्या फेरीत ग १०.७, च १०.६, ख १२.२, छ १३.०. तिसरी फेरी धरून सहा-सहा ग्रुपांची सरासरी ग ची १०.५ आणि च ची १०.४. एक दशांशाचा हा फरक फरकच नव्हे. किमतीत च दुपटीहून महाग.

प्रशिक्षकांनी ग निवडला. वडील तरी म्हणत होते की राज्य स्पर्धेपुरते च घेऊ. त्याला नकार मिळाला तो पैशापायी नव्हे: ऐन स्पर्धेच्या तोंडावर काडतूस बदलले की झीरो (साइटची जुळणी) बदलतो, मेण बदलते आणि मुलीच्या मनात शंका शिरते.

रिमची जाडी गेजने मोजून किंवा एकेक काडतूस वजन करून गट पाडण्याचा नाद काहींना असतो. सुमार काडतुसात त्याने थोडा लाभ होतो. चांगल्या लॉटमध्ये ते संध्याकाळ घालवण्याचे साधन आहे.

खरेदी आणि वापर

विक्रेत्याकडे ग लॉटची दोन हजारच काडतुसे शिल्लक होती. परवान्याच्या मर्यादेत ती सगळी एकदम घेतली आणि पावतीवर लॉट क्रमांक लिहून घेतला. डबे घरी आल्यावर प्रत्येक डब्यावरचा क्रमांक ताडून पाहिला. एका पेटीत दुसऱ्याच लॉटचे चार डबे निघाले, ते परत गेले. नाव आणि रंग तोच असल्यामुळे ही सरमिसळ नजरेस येत नाही.

एवढ्यात वर्ष निघणार नव्हते. म्हणून वाटणी केली: पोझिशन बसवणे, उभ्याने सराव, स्लिंगची तालीम हे ख वर, सामना-सराव, स्पर्धेआधीचे तीन आठवडे आणि स्पर्धा ग वर. ख वरून ग वर जाताना गोळी ६ मिलिमीटर वर लागते हे मोजून साइटच्या वहीत लिहिले. बदलताना पंधरा गोळ्या हिशेबात न धरता मारायच्या.

उन्हाळ्याने काढलेली खोडी

एप्रिलपर्यंत सगळे सुरळीत होते. मेच्या मध्यात उभा पसारा पुन्हा वाढला. लॉट तोच, स्क्रू घट्ट, चेंबर स्वच्छ.

कारण गाडीच्या डिकीत सापडले. रेंजवरून कॉलेज आणि तिथून घर, अशी काडतुसे दिवसभर उन्हातल्या गाडीत राहत होती. डबा उघडला तर गोळ्यांवरचे मेण वितळून प्लास्टिकच्या खोबणीत जमलेले. काही गोळ्या एका बाजूने कोरड्या, काहींच्या तळाशी मेणाची गुठळी. अशी गोळी नळीत दरवेळी वेगळी घसरते. दुसरे कारण तिच्या सवयीत होते. वाऱ्याची वाट बघताना ती गोळी भरून पडून राहायची. तापलेल्या चेंबरमध्ये मिनिटभर राहिलेले काडतूस गरम होते, वेग वाढतो, गोळी वर जाते.

उपाय साधे केले. काडतुसे बर्फाविना थर्मल डब्यात, गाडीत कधीच नाही, घरी कुलूपबंद कपाटात सावलीच्या खोलीत. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर दव धरते. रेंजवर चालू डबा ओल्या फडक्याजवळ पण फडक्यावर नाही. आणि आधी वारा वाचायचा, मग गोळी भरायची. भरल्यावर अर्ध्या मिनिटात सुटली नाही तर काढून बाजूला ठेवायची. वितळलेल्या मेणाचे तीन डबे सरावात संपवले.

परिणाम

हिशेब आधीच मांडून ठेवला होता, तो ताडून बघता आला. दहा गोळ्यांच्या ग्रुपचा साधारण तिसरा हिस्सा म्हणजे केंद्रापासूनचे सरासरी अंतर: क साठी ५.२, ग साठी ३.५ मिलिमीटर. तिच्या हाताचा पसारा ४ च्या आसपास. हे दोन सरळ बेरजेत जात नाहीत. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे. क बरोबर ६.६ येते, ग बरोबर ५.३. गुणांत ६०८ वरून ६१७: नऊ गुण, आणि नेमबाजाने काहीही न बदलता.

प्रत्यक्षात जून-जुलैच्या सामन्यांत सरासरी ६१५ आली. दोन गुण कुठे गेले याचा शोध घेण्यात अर्थ नाही. उघड्या रेंजवर तेवढा वारा खातोच. दुसऱ्या बाजूने, आलेले सातही गुण काडतुसाचे म्हणता येत नाहीत, कारण सैल स्क्रू आणि चेंबरमधले कडे त्याच काळात गेले होते. बारा-सहाच्या दिशेचे नऊ मात्र निम्म्याहून कमी झाले. थ्री पोझिशनमध्ये नीलिंग आणि प्रोन सुधारले, उभ्याने काहीच फरक नाही. तिथे हाताचा पसारा इतका मोठा असतो की काडतूस त्यात बुडून जाते.

मुलीच्या लेखी बदल वेगळा होता. तिने प्रशिक्षकांना सांगितले, “सर, आता नऊ लागला की तो माझाच असतो.” त्यानंतर ती प्रत्येक गोळी सुटताच कुठे लागली असेल ते बोलून मग पडद्याकडे बघू लागली, आणि खऱ्या चुका पकडल्या गेल्या: डाव्या कोपराची जागा सामन्याच्या चाळिसाव्या गोळीपाशी सरकत होती.

वेगळे काय करता आले असते

स्क्रू आणि चेंबरची दुरुस्ती एकाच दिवशी केली. मध्ये दहा-दहाचे चार ग्रुप मारले असते तर कशाने किती फरक पडला ते कळले असते.

चाचणीत ग आणि घ असे एकाच नावाचे दोन लॉट होते म्हणून मुद्दा उघडा पडला. छ आणि ख चा एकेकच लॉट पाहिला. त्यांचा दुसरा लॉट ग पेक्षा सरस निघालाही असता. सहा नावे घेण्यापेक्षा दोन-तीन नावांचे दोन-दोन लॉट घेणे याच खर्चात जास्त सांगून गेले असते.

शिकंजा नसल्याचा तोटा फार झाला नाही, पण टेबलावर रायफल मारणारी व्यक्ती एकच हवी होती. दुसऱ्या फेरीतले काही ग्रुप प्रशिक्षकांनी मारले आणि छ चे आकडे त्यामुळे थोडे संशयास्पद राहतात.

सर्वांत महागात पडले ते हे: त्या साठ्यातली शंभर काडतुसे बाजूला ठेवली नाहीत. ऑगस्टमध्ये ग संपत आला आणि नव्या लॉटचे नमुने आले, तेव्हा तुलनेला जुने काडतूस जेमतेम चाळीस उरले होते. फेब्रुवारीच्या चाचणीच्या आकड्यांशी ऑगस्टचे आकडे ताडायला गेले तर हवा वेगळी, दमट, नळीतून हजार-दीड हजार गोळ्या जास्त गेलेल्या. चाळीसच्या चाळीस नव्या लॉटसोबत एकाच सकाळी, आलटून पालटून मारली: बारा नळी बसवायला, दहा मोजायला, पुन्हा आठ बसवायला, दहा मोजायला. तीन नव्या लॉटपैकी एक ग च्या बरोबरीने उतरला, तो घेतला. त्यातले दोन डबे चिकटपट्टी लावून, “तुलनेसाठी, मारू नये” असे लिहून कपाटाच्या वरच्या फळीवर गेले आहेत.